घाटांतली गाडी आणि घरांतला हिशेब

गेल्या चैत्रांत एके रात्रीं जेवणें आटोपून सर्व मंडळी दिवाणखान्यांत बसली असतां आमच्या पुतण्यानें आपला मनोदय जाहीर केला. त्याला मोटार घ्यावयाची होती. यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. माझे धाकटे बंधू आणि भावजय चिपळुणास वडिलांच्या घरीं राहतात. बंधूंना हृदयाचें दुखणें जडल्यापासून महिन्यांतून दोनदां एकतर त्यांना पुण्यास डॉक्टरांकडे आणावें लागतें, नाहीं तर मुलाला त्यांच्याकडे धांव घ्यावी लागते. एस्. टी.च्या गाडींत सात-आठ तास बसणें त्यांना आतां सोसत नाहीं, आणि प्रत्येक खेपेस भाड्याची मोटार करावी तर वर्षाकाठीं होणाऱ्या खर्चाचा आंकडा ऐकूनच त्यांचें दुखणें बळावावयाचें. तेव्हां घरांत गाडी यावी हें सर्वांना मान्यच होतें. परंतु पुतण्यानें पुढें जें वाक्य उच्चारलें, त्यांतील तीन विशेषणांनीं घरांतल्या तीन माणसांची झोंप उडविली. "काका, मला जुनी, डिझेलवर चालणारी आणि वेगवान गाडी घ्यायची आहे," असें तो म्हणाला.

'जुनी' हा शब्द आमच्या मातुःश्रींना रुचला नाहीं. दुसऱ्यानें वापरून टाकलेली वस्तु घरांत आणण्यापूर्वीं ती त्यानें कां टाकली हें विचारावें, असा त्यांचा साधा नियम आहे. 'डिझेल' हा शब्द माझ्या पत्नीला खटकला, कारण तिला दम्याचा विकार आहे. आणि 'वेगवान' हें विशेषण मला स्वतःला नको होतें. ज्याला आजारी बापाला घेऊन घाट उतरावयाचा आहे, त्याला वेगाची हौस कशासाठीं?

पैशाचा प्रश्न याहून नाजूक होता. घरच्या सामाईक खात्यांत त्या वेळीं आठ लाख रुपये होते. त्यांपैकीं अडीच लाख पुतणीच्या पुढील शिक्षणाच्या शुल्कासाठीं जूनमध्यें लागणार होते आणि त्यांना हात लावावयाचा नाहीं, हें आधींच ठरलेलें होतें. उरलेल्या साडेपांच लाखांत गाडी बसवावयाची. आणि ती फसली तर दुसरी घेण्याइतका पैसा पुढें तीन-चार वर्षें तरी जमणार नव्हता. म्हणून ही खरेदी एकट्या मुलाच्या हौसेवर सोडून चालणार नाहीं, असें मीं ठरविलें आणि पुढचे दोन महिने त्याच्याबरोबर हिंडलों. त्या हिंडण्यांत जें शिकलों तें येथें मांडीत आहें. कारण अशी चर्चा आज पुष्कळ घरांत चालू असेल असें वाटतें.

प्रथम माझ्या आक्षेपाचें उत्तर देतों, कारण तो आक्षेप अर्धा चुकीचा निघाला. ज्या गाडीचें मागचें दार वर उघडतें व जिची डिकी बसण्याच्या जागेलाच जोडून असते, त्या आटोपशीर मोटारीला हॅचबॅक म्हणतात. अशा घरगुती गाडींत जोरदार इंजिन बसविलें कीं तिला इंग्रजी बोलणारे लोक 'हॉट हॅच' म्हणूं लागतात. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या 'गोल्फ' गाडीची 'जी.टी.आय.' नांवाची आवृत्ति १९७५ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत मांडली व १९७६ सालीं विक्रीस आणली. इंजिन १.६ लिटरचें, पेट्रोलचें, ११० अश्वशक्तीचें. अशा गाड्या पांच हजार खपल्या तरी पुष्कळ झाल्या, असा कंपनीचा प्रथमचा अंदाज होता; तो किती तोकडा होता हें पुढें जगानें पाहिलें. १९८२ सालीं त्याच गाडीला टर्बो लावलेलें डिझेल इंजिन बसवून 'जी.टी.डी.' काढण्यांत आली. तिची शक्ति अवघी ७० अश्वशक्ति. आज हा आंकडा वाचून हंसूं येईल. परंतु चपळाई व काटकसर यांना एकाच पत्रिकेंत बसविण्याची कल्पना तेथून रूढ झाली.

या कल्पनेचा पुण्याशीं संबंध चाकणच्या वाटेनें आला. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला, २०१० सालीं तेथून 'पोलो' ही गाडी बाहेर पडली आणि २०१३ सालीं तिची 'जी.टी. टी.डी.आय.' ही डिझेल आवृत्ति विक्रीस आली. आरंभीं तिचें इंजिन १.६ लिटरचें व १०५ अश्वशक्तीचें होतें, पुढें १.५ लिटरचें आलें व त्याची शक्ति कालांतरानें ११० पर्यंत वाढविण्यांत आली. माझ्या पुतण्याच्या मनांत भरली होती ती हीच गाडी.

अश्वशक्तीचे आंकडे मोठे नाहींत हें खरें. परंतु या गाडीचें मर्म त्यांत नाहींच. तें टॉर्कमध्यें आहे. आमचे मिस्त्री ज्याला 'ओढ' म्हणतात तें. साध्या १.२ लिटर पेट्रोल पोलोची ओढ ११० न्यूटन-मीटर. या डिझेलची २५०. म्हणजे त्याच सांगाड्यांत दुपटीहून अधिक. शिवाय ही ओढ इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेऊं लागलें कीं हाताशीं येते. त्यासाठीं त्याला किंचाळावयास लावावें लागत नाहीं. शेतांतल्या पंपावर एका लयींत धडधडणारें डिझेल इंजिन आपल्यापैकीं अनेकांनीं ऐकलें असेल. खडकीची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, तेव्हांपासून तो आवाज महाराष्ट्राला परका राहिलेला नाहीं. त्या इंजिनाचा सावकाश पण न थकणारा जोर हाच या मोटारीचाही जोर होय.

काटकसरीचें कारणही त्याच ठिकाणीं आहे. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगी पाडणारा प्लग नव्हता. नुसती हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबानेंच तापते आणि तींत सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. जितका दाब अधिक, तितकें इंधनांतून काम अधिक निघतें. त्यांत एक लिटर डिझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां सुमारें दहा टक्के ऊर्जा जास्तच असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे लिटरामागें किलोमीटर वाढतात यांत जादू कांहीं नाहीं.

हें सर्व मला पटलें तें मात्र पुस्तकानें नव्हे. पुतण्याच्या एका मित्राची अशी गाडी घेऊन आम्ही एका घाटांत गेलों. पुढें उंसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रांगत होता. आमच्या पूर्वींच्या गाडींत अशा वेळीं मुलगा गिअर खालीं आणी, इंजिन ओरडे, आणि अर्ध्या रस्त्यांत समोरून बस येते कीं काय या भीतीनें माझे पाय आपोआप ताठत. येथें त्यानें गिअरला हातही लावला नाहीं. पायानें किंचित् दाबलें आणि ट्रॅक्टर मागें पडला. विरुद्ध बाजूस काढावी लागणारीं सेकंदें निम्म्यावर आलीं. घाटांतली चपळाई ही चैन नसून एक प्रकारची सुरक्षितताही आहे, हें मीं तेथें कबूल केलें. अर्थात् तीच चपळाई सरळ रस्त्यावर मोह घालते, हेंही त्याच दिवशीं येतांना स्पीडोमीटरकडे पाहून माझ्या लक्षांत आलें आणि तें मीं बोलूनही दाखविलें. सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर सांगतों कीं २०१४ सालीं ग्लोबल एन्-कॅप या संस्थेनें पोलोची टक्कर-परीक्षा घेतली, तेव्हां एअरबॅग नसलेल्या गाडीला मोठ्या माणसांच्या रक्षणाबद्दल एकही तारा मिळाला नाहीं आणि दोन एअरबॅगवाल्या गाडीला चार मिळाले. जी.टी.मध्यें त्या दोन एअरबॅग आहेत. जुन्या गाडींत त्या शाबूत आहेत कीं एकदां फुटून गेल्यावर नुसतें झांकण बसविलें आहे, हें मात्र पाहून घ्यावें लागतें.

आतां हिशेब. पुतण्यानें वहींत लिहून आणलें होतें कीं डिझेल गाडी घेतल्यास वर्षाला चाळीस हजार रुपये वांचतील. त्याची रीत अशी : वर्षाचें बारा हजार किलोमीटर, डिझेल पोलोचें अ‍ॅव्हरेज कंपनी वीसच्या आसपास सांगते, पण प्रत्यक्षांत सतरा धरूं. म्हणजे सुमारें ७०६ लिटर. २०२५ सालच्या पुण्यांतल्या सुमारें ९० रुपये दरानें साडेत्रेसष्ट हजार रुपये. तितक्याच चपळ पेट्रोल गाडीला लिटरला बारा किलोमीटर. म्हणजे हजार लिटर, १०४ रुपये दरानें एक लाख चार हजार. वजाबाकी चाळीस हजार. आंकडे बरोबर होते. परंतु तुलना मुलानें आपल्या सोयीची निवडली होती. मीं विचारलें, साधी, सावकाश चालणारी पेट्रोल गाडी घेतली तर? तिला लिटरला पंधरा मिळतात. तेल ८०० लिटर, खर्च त्र्याऐंशी हजार. वांचले केवळ वीस हजार. आणि तीच गाडी शहरांतल्या शहरांत वर्षाला चार हजार किलोमीटर फिरली असती तर वांचले असते सहा-सात हजार. एवढ्यांत जुन्या डिझेल इंजिनाचें एखादें दुखणेंही निभत नाहीं.

दहा-बारा वर्षांपूर्वींची गोष्ट निराळी होती. २०१२ सालीं पेट्रोल व डिझेल यांच्या किंमतींत लिटरामागें तीस रुपयांच्या घरांत अंतर होतें, तेव्हां डोळे मिटून डिझेल घ्यावें अशी स्थिति होती. ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचे दर सरकारी नियंत्रणांतून सुटले आणि तें अंतर आटलें. तरीही कित्येक घरांत तोच जुना ठोकताळा अद्याप चालतो. वास्तविक डिझेलची काटकसर तेलांत जितकी असते तितकीच ती गाडी चालविण्याच्या रीतींत असते. आमच्या बाबतींत पुणें-चिपळूण ही सव्वादोनशें ते अडीचशें किलोमीटरची लांब दौड महिन्यांतून दोनदां, आणि कचेरीस मुलगा कंपनीच्या बसनें जाणार. म्हणून हिशेब जमला. रोज मुलांना शाळेंत सोडून मंडईंतून परत येण्यासाठीं ज्याला गाडी हवी त्याच्या दारीं हें इंजिन कुढून मरतें. तें पुरतें तापतच नाहीं; धुराचा कांहीं भाग परत इंजिनांत सोडणारी जी झडप असते, तिला ई.जी.आर. म्हणतात, ती तुंबते. आणि मग मिस्त्रीच्या बिलाच्या रूपानें वांचलेलें तेल वसूल होतें.

पत्नीच्या आक्षेपाला मात्र समाधानकारक उत्तर माझ्यापाशीं नव्हतें व आजही नाहीं. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालींच दिला आहे. त्यांत या कंपनीचा इतिहास विशेष अभिमानास्पद नाहीं. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें उघडकीस आणलें कीं कंपनीनें डिझेल गाड्यांत अशी योजना केली होती कीं परीक्षा चालू आहे हें गाडीला आपोआप कळे आणि तेवढ्यापुरता तिचा धूर सोज्वळ होई! जगभरांत सुमारें एक कोटी दहा लाख गाड्यांत हा प्रकार होता. भारतांतल्या सुमारें सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें कंपनीनें डिसेंबर २०१५ मध्यें जाहीर केलें; २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादानें पांचशें कोटींचा दंड ठोठावला आणि त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयांत गेली. पोलोंतलें डिझेल इंजिन याच कुळांतलें. हें सारें मीं पत्नीला वाचून दाखविलें. ती म्हणाली, "भावोजींना आणायचं आहे म्हणून मी आड येत नाही. पण गाडी वाड्याच्या चौकांत सुरू ठेवून बोलत उभं राहायचं नाही, एवढं त्याला सांगा." तो नियम आमच्या घरीं आजतागायत कसोशीनें पाळला जातो.

नवी डिझेल गाडी कां घेतली नाहीं, असें कोणी विचारील. एक तर पैसे नव्हते. दुसरें, ती मिळतच नाहीं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हां पुष्कळ कंपन्यांनीं लहान डिझेल गाड्या करणें सोडून दिलें. पोलोचें डिझेल तेव्हांच गेलें आणि २०२२ सालीं खुद्द पोलोही भारतांत बंद झाली. २०२५ सालीं नव्या डिझेल हॅचबॅक म्हणून टाटांची ९० अश्वशक्तीची अल्ट्रोझ ही एकटीच उरली होती. जुन्या बाजारांत ९३ अश्वशक्तीची फियाट पुंटो मिळते. गाडी दणकट, पण कंपनीच येथून उठून गेल्यामुळें सुट्या भागांसाठीं वणवण. मारुतीची १.३ लिटर डिझेल स्विफ्ट ७५ अश्वशक्तीची. चपळाईंत उणी, पण कोणत्याही गांवीं दुरुस्त होणारी. माझा कल खरें म्हणजे तिच्याकडे होता. पुतण्यानें माझें मन वळविलें तें घाटानें, हें वर सांगितलेंच आहे.

पहिली गाडी आम्हीं पाहिली ती जुन्या गाड्यांच्या एका चकचकीत दुकानांत. २०१६ची, लाल, केवळ बेचाळीस हजार किलोमीटर चाललेली, आंतून अत्तराचा वास. मुलगा तिच्या इतका प्रेमांत पडला कीं विसार देण्यासाठीं त्याचा हात खिशाकडे गेला. सुदैवानें आमच्याबरोबर आमचे जुने मिस्त्री होते. त्यांनीं गाडीकडे न पाहतां प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट कोमट होतें. ते म्हणाले, "साहेब, यांनीं आपण यायच्या आधीं इंजिन तापवून ठेवलं आहे. डिझेल गाडीचं खरं दुखणं सकाळी पहिल्यांदा सुरू करतांना कळतं. उद्या गार इंजिनावर बघूं." मग त्यांनीं ब्रेकच्या पट्टीचें रबर दाखविलें, तें पार झिजून गुळगुळीत झालें होतें. बेचाळीस हजारांत इतकी झीज होत नाहीं. चार कांचांवर कारखान्याच्या तारखेच्या खुणा असतात. त्यांपैकीं एका कांचेवरील वर्ष निराळें होतें. विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस' शून्य होता. अर्थ असा कीं आदल्या वर्षीं कांहींतरी नुकसानभरपाई घेतलेली. शेवटीं गाडीचा क्रमांक घेऊन मूळ मालकाच्या संमतीनें सर्व्हिसची नोंद मागविली, तेव्हां दोन वर्षांपूर्वींच तिनें एक लाख सात हजार किलोमीटर ओलांडले होते असें दिसून आलें. मीटर मागें फिरविलेलें होतें. दुकानदारास विचारतां त्यानें आश्चर्याचा जो अभिनय केला, तो व्यावसायिक रंगभूमीवर शोभला असता.

वास्तविक एक लाख किलोमीटर हा दोष नव्हे. नीट निगा राखलेलें असें इंजिन त्याहून पुष्कळ पुढें जातें. दोष लपविण्यांत होता. कारण ज्यानें किलोमीटर लपविले त्यानें टायमिंग बेल्ट बदलला असेल यावर कोणी विश्वास ठेवावा? या इंजिनांत हा रबरी पट्टा ठराविक किलोमीटरांना व वर्षांना बदलावाच लागतो. तो तुटला कीं चालत्या इंजिनांत दट्ट्ये झडपांवर आदळतात आणि सारें इंजिन खोलावें लागतें. म्हणून मिस्त्रींचा नियम असा : बेल्ट बदलल्याचें बिल दाखवा, नाहीं तर त्याचा खर्च किंमतींतून वजा करा. तोंडी आश्वासन जमेस धरावयाचें नाहीं.

दुसरी गाडी मिळाली ती एका निवृत्त प्राध्यापकांची. २०१७ची, पांढरी, अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर, दारावर एक ओरखडा. तो त्यांनीं स्वतःच दाखविला. सर्व्हिसचीं बिलें वर्षवार टांचून ठेवलेलीं. सकाळीं सात वाजतां मिस्त्रींनीं गार इंजिन सुरू केलें व सायलेन्सरजवळ पांढरा रुमाल धरला. काळा धूर म्हणजे तेल नीट जळत नाहीं, निळा म्हणजे इंजिनाचें ऑईल जळतें आहे, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही निघत राहिला तर इंजेक्टर किंवा त्याहून मोठें दुखणें, असें त्यांनीं मला समजावून सांगितलें. रुमाल थोडासा मळला, इतकेंच. मग रस्त्यावर चवथ्या गिअरमध्यें गाडी सावकाश नेऊन त्यांनीं एकदम पाय दाबला. इंजिनाचे फेरे चढले, पण गाडीचा वेग त्या मानानें चढेना. त्यांनीं मान हलविली. "क्लच घसरतो आहे. या गाड्यांची ओढ जबर. क्लचचा जीव ती खाते." इंजिन बंद करतांना खडखड होते कां, हेंही त्यांनीं कान देऊन ऐकलें, क्लचच्या मागचें जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, खिळखिळें झालें असेल तर तसा आवाज येतो. तो आला नाहीं. पुढें संगणक जोडून इंजिनांतल्या नोंदी तपासल्या. पुष्कळ हौशी तरुण अशा गाडीच्या इंजिनांतील मूळ आज्ञावली बदलून जोर आणखी वाढवून घेतात. त्याला रीमॅप म्हणतात. आमच्या पुतण्याच्याही मनांत ती हौस होती. प्राध्यापकांच्या गाडीला तसें कांहीं केलेलें नव्हतें, आणि आम्हीं घेतल्यावरही केलें जाणार नाहीं, असें मीं तेथेंच वदवून घेतलें.

भाव पांच लाख दहा हजारांपासून सुरू होऊन चार लाख ऐंशी हजारांवर ठरला. क्लचचा खर्च आमच्याकडे. उरलेले सत्तर हजार 'गाडीचे पैसे' म्हणून निराळे ठेवले. जुनी गाडी घेतांना सर्व रक्कम किंमतींत घालणें ही मोठीच चूक होय, आणि मुलाची पहिली योजना नेमकी तशीच होती.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५. विक्रीसाठीं फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनिशीं. विकणाऱ्यानें चौदा दिवसांत व घेणाऱ्यानें तीस दिवसांत आर. टी. ओ. कचेरीस कळवावें असा कायदा आहे. विमा आपल्या नांवावर करण्याचा अर्जही चौदा दिवसांत द्यावा लागतो; नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाहीं. थकलेले दंड ऑनलाईन पाहून घ्यावे. गाडी विकणाऱ्यांनींही येथें गाफील राहूं नये : दप्तरीं ज्याचें नांव तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. दिल्लीकडून आलेली स्वस्त डिझेल गाडी पाहून हुरळूं नये. तेथें दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानें २०१५ सालीं बंदी घातली व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली, तेव्हांपासून तिकडच्या गाड्या मिळेल त्या भावानें बाहेर पडूं लागल्या. तिला येथें आणून पुन्हां नोंदवावयाची तर येथला कर आलाच, आणि त्यांत ती स्वस्ताई बुडून जाते. महाराष्ट्रांत नोंदलेल्या आमच्या गाडीची नोंद पंधरा वर्षांची, म्हणजे २०३२ पर्यंत आहे.

क्लचला एक्केचाळीस हजार रुपये लागले. दुसऱ्या महिन्यांत चिपळुणाजवळ एका टायरला फोड आला. मग चारही बदलावे लागले. सत्तर हजारांची थैली ऑगस्टअखेर रिकामी झाली आणि मातुःश्रींनीं "तरी मी म्हणत होतें" हें वाक्य दोनदांच उच्चारलें. मागच्या आसनावर उंच माणसाचे गुडघे आखडतात, ही तक्रारही खरी आहे. मी स्वतः मागें बसून उंब्रजपर्यंत गेलों तेव्हां ती मला पटली. तथापि नऊ महिन्यांची वही माझ्यापुढें आहे. किलोमीटर ९,८४०. डिझेल ५७१ लिटर. अ‍ॅव्हरेज सतराच्या किंचित् वर. त्यानंतर मिस्त्रींचें बिल नाहीं; ऑईल व फिल्टर बदलण्याचा खर्च तेवढा निराळा.

गेल्या पौषांत बंधूंना आणावयास मी मुलाबरोबर गेलों होतों. पहाटे चिपळूण सोडलें. कुंभार्लीच्या चढाला लागलों तेव्हां धुकें होतें आणि पुढें मालमोटारींची रांग. मुलानें एकही गाडी घाईनें ओलांडली नाहीं. जेथें वाट मोकळी दिसली तेथें मात्र ती चटकन् पार केली. बंधू पुढच्या आसनावर मान टाकून झोंपले होते. पूर्वीं या घाटांत त्यांना दोनदां उतरून बसावें लागे. कोयनानगरला चहासाठीं थांबलों, तेव्हां ते जागे झाले आणि त्यांनीं विचारलें, "घाट लागायचा आहे ना अजून?"